बंदर बंद

दर दुसऱ्या सोमवारी पहाटे पाचला
एरिबेर्तो आधी माझे हातमोजे चुलीवर शेकतो,
मग मला उठवतो.
औषध अंगात असलं की गार काही शिवायचं नाही.
खणातला चमचा, दाराची कडी, नळाचं पाणी,
सगळ्यात वीज भरलेली.
एकदा विसरून थंड दूध प्यायले
तर गळ्यात काचा पेरल्यासारखं झालं.
आणि मी राहते चिलोएच्या बेटावर,
जिथे गार नाही अशी वस्तू
चूल सोडली तर फक्त मांजर.

नऊ खेपा झाल्या.
डॉक्टर बारिएन्तोस तरुण आहे, नखं कुरतडतो.
माझ्या यकृतावरचे डाग पेन्सिलीने दाखवत म्हणाला,
"वाढलेले नाहीत. कमीही नाहीत.
दोन महिने थांबता येईल, सेन्योरा एदेल्मिरा.
चालू ठेवलं तरी चूक नाही.
तुम्ही ठरवा."
एकसष्ट वर्षांत मला
"तुम्ही ठरवा" म्हणणारा दुसराच माणूस.
पहिला लोकरवाला होता,
तो रंगाबद्दल बोलत होता.

घरी एरिबेर्तो लाकडं फोडत राहिला.
दोन हिवाळे पुरतील इतकी फोडली.
थांबणं म्हणजे हात टेकणं, असं तो म्हणाला नाही,
कुऱ्हाड म्हणाली.
मुलगी पुन्ता आरेनासहून फोनवर रडली,
मग म्हणाली, सर्दी झालीय.
शेजारीण ग्रिसेल्दा म्हणाली,
अगं, बटाट्याचं वावरसुद्धा एखादं साल पड ठेवतात.
ठेवतात.
पण वावरात तण माजलं तर कुंपणावरून दिसतं.
माझं बघायला
यंत्राच्या बोगद्यात श्वास रोखून पडावं लागतं.

रात्री वाणसामानाच्या वहीत हिशोब मांडला.
डावीकडे बरंच काही:
सुईत दोरा ओवायला ग्रिसेल्दाचा पोरगा लागतो,
बोटांना कापड आणि कागद एकच वाटतं,
शिंपल्यांना पत्र्याची चव,
आणि कमरेच्या पिशवीतला तो पंप,
दोन दिवस, दोन रात्री
कुणीतरी शेजारी झोपून
हळूहळू जीभ टाळ्याला लावावी तसा आवाज.
उजवीकडे एकच शब्द लिहिला.
लिहिला आणि पान दुमडलं.

सोमवारी पहाटे वारा सुटला.
रेडिओवर बाई सांगत होती, बंदर बंद,
लहान होड्यांना मनाई, मोठ्यांनीही थांबावं.
एरिबेर्तो बूट घालून तयार.
त्याने बंदरकचेरीला फोन लावला, ओरडला,
माझी बायको आजारी आहे, कळतं का?
त्यांना कळत होतं. वाऱ्याला नव्हतं.
आणि मी, पांघरुणात तोंड खुपसून,
हसत होते.
मास्तर आजारी पडल्यावर पोरं हसतात तशी,
आवाज न करता, पोट दुखेपर्यंत.
मग लाज वाटली.
मग भूक लागली,
मी दोन अंडी खाल्ली आणि तिसरं मागितलं.
एरिबेर्तो तव्याकडे बघत उभा होता.

मंगळवारी समुद्र इस्त्री केल्यासारखा.
सबबीला जागाच नाही.
इस्पितळातून फोन आला, गुरुवारी या, जागा करून देतो.
मी म्हटलं, नको.
वाऱ्याने दिलेली सुट्टी ती वाऱ्याची.
ही मी मागतेय.
नर्सने विचारलं, किती दिवस?
मी बटाटे लावायला लागणारे दिवस मोजले,
कोंब वर यायचे मोजले,
फुलं यायची मोजायला गेले आणि थांबले.
दोन महिने, म्हटलं.
तिने काहीतरी लिहिलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असेल?

एरिबेर्तो दारात उभं राहून सगळं ऐकत होता.
त्याने चुलीवरचे हातमोजे उचलले,
एकात एक खोचले.
पेटीत नाही ठेवले.
दाराजवळच्या खिळ्याला लावले,
हात पोचेल असे.
मीही काही बोलले नाही.
नळ सोडला,
एक बोट पाण्याखाली धरलं.
चावलं.
दुसरं धरलं.